नेपोलियनच्या काळातल्या लढाया टेबलावर मांडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेपोलियनच्या काळातल्या लढायांवर टेबलावर खेळायचे खेळ, म्हणजे वॉरगेम, मी बरीच वर्षं बनवतो आहे. असा खेळ स्वतः बनवू पाहणारी मंडळी मला प्रश्न पाठवतात, आणि त्यातले बरेच पुन्हा पुन्हा येतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला पायाभूत प्रश्न आहेत, शेवटी अडचणीचे अपवाद. एका उत्तराला दुसऱ्याची गरज असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वॉरगेम म्हणजे बुद्धिबळच ना? मोहऱ्यांच्या जागी सैनिक ठेवले की झालं?

नातं नक्कीच आहे. चतुरंगात हत्ती, घोडे, रथ, पायदळ होतंच. पण बुद्धिबळात दोन्ही बाजू सारख्या असतात, पट सपाट असतो, समोरच्याचं सगळं दिसतं आणि घोड्याने प्यादं घेतलं की ते मेलंच. खऱ्या लढाईत यातलं काहीच खरं नसतं. वॉरगेममध्ये टेबलावरचं अंतर खऱ्या मैदानाशी बांधलेलं असतं, चढ-उतार आणि चिखल मोजला जातो, हल्ला फसू शकतो, आणि दिलेला हुकूम पोहोचेलच असं नसतं.

२. इतके काळ पडले आहेत, मग लोक नेपोलियनच्याच मागे का?

पायदळ, घोडदळ आणि तोफखाना यांचा तोल या काळात फार सुंदर जमलेला आहे. घोडदळ आलं की पायदळ चौकोन करतं, म्हणजे चारी बाजूंना तोंड करून दाटीने उभं राहतं. चौकोन दाट असल्यामुळे तोफेचं सोपं लक्ष्य होतो. तोफा एकट्या सापडल्या तर घोडदळ त्यांच्यावर झडप घालतं. दगड-कागद-कात्रीचा हा खेळ इतिहासाने आधीच मांडून ठेवलेला असतो, तुम्हाला फक्त तो प्रामाणिकपणे नोंदवायचा असतो. शिवाय या लढाया बहुतेक एक-दोन दिवसांत आटोपतात, आणि सेनापतीला घोड्यावर बसून मैदानाचा मोठा भाग डोळ्यांनी दिसतो. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांबद्दल असं म्हणता येत नाही.

३. सुरुवात कुठून करू? आधी लढाई निवडू, नियम लिहू की सैनिकांच्या छोट्या मूर्ती विकत घेऊ?

यातलं काहीच आधी नको. आधी एक ओळ लिहा: खेळाडू कोणाच्या घोड्यावर बसला आहे?

माझ्या मते सगळा खेळ या ओळीतून उलगडतो. खेळाडू वेलिंग्टन (वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ब्रिटिश सेनापती) असेल, तर एखाद्या पलटणीने रांग धरावी की चौकोन करावा हे त्याने ठरवायचं नाही, ते तिचा कर्नल ठरवेल. वेलिंग्टनने ठरवायचं ते राखीव फौज कधी आणि कुठे घालायची. खेळाडू ब्रिगेडचा, म्हणजे काही पलटणींच्या गटाचा, जनरल असेल, तर रांग-चौकोन हाच त्याचा मुख्य निर्णय. पण मग वेलिंग्टनच्या मदतीला प्रशियन फौज कधी येणार हा त्याचा प्रश्न उरत नाही, तो नशिबाचा भाग झाला.

मला पाठवलेल्या दहापैकी सात-आठ मसुद्यांत हीच गडबड असते. खेळाडू एकाच पाळीत नेपोलियनही असतो, कर्नलही आणि तोफेला बत्ती देणारा गोलंदाजही. नियम साठ पानांचे होतात आणि सेनापती असल्याची भावना मात्र कुठेच येत नाही.

४. टेबलावरचं एक सेंटिमीटर म्हणजे मैदानावरचे किती मीटर? हे कसं काढायचं?

पलटणीच्या रुंदीवरून. ६०० माणसांची फ्रेंच पलटण तीन ओळींत उभी राहिली की एका ओळीत २०० जण. माणशी साधारण ५५ सेंटिमीटर धरले तर रुंदी झाली ११० मीटर. ब्रिटिश पायदळ दोन ओळींत लढायचं, म्हणून तितकीच माणसं १६५ मीटर पसरायची.

आता एका पलटणीसाठी साडेपाच सेंटिमीटर रुंदीचा तळ (मूर्ती ज्यावर बसवतात ती पट्टी) घेतला, तर १ सेंटिमीटर म्हणजे २० मीटर. बंदुकीचा मारा १०० मीटर धरला तर ५ सेंटिमीटर, तोफेचा ९०० मीटर म्हणजे ४५ सेंटिमीटर. आकडे छान वाटतात. पण घरातलं टेबल सहा फूट बाय चार फूट, म्हणजे १८० बाय १२० सेंटिमीटर असेल, तर त्यावर ३.६ बाय २.४ किलोमीटर एवढंच मैदान मावतं. वॉटर्लूची आघाडी सुमारे पाच किलोमीटरची. ती मावणार नाही, प्रशियन जिथे येऊन भिडले ते प्लॅन्सन्वा गाव तर नाहीच नाही.

अख्खी वॉटर्लू हवी असेल तर पलटणीऐवजी ब्रिगेड हा एक मोहरा करा आणि १ सेंटिमीटर म्हणजे ५० मीटर धरा. टेबल नऊ किलोमीटर रुंद होतं. बंदुकीचा मारा मग फक्त २ सेंटिमीटर उरतो, म्हणजे बंदुकीसाठी वेगळा नियम लिहायची गरजच नाही. दोन ब्रिगेड एकमेकींना भिडल्या की गोळीबार आणि संगीन हे सगळं त्या एका झटापटीत आलं. मोजमाप बदललं की नियमांची पानं अशी आपोआप गळतात. म्हणून नियमांच्या आधी मोजमाप ठरवा.

५. एक मूर्ती म्हणजे किती सैनिक?

जुनी पद्धत एका मूर्तीला ३० माणसं धरायची. त्या हिशोबाने ६०० ची पलटण २० मूर्तींची, आणि वॉटर्लूतली ७० हजारांहून मोठी फ्रेंच फौज २,३०० हून जास्त मूर्तींची, तीही एकाच बाजूची. रंगवणार कोण? माझा सल्ला असा की मूर्ती मोजू नका, तळ मोजा. एका तळावर सहा मूर्ती ठेवा नाहीतर साठ, नियमांना फक्त तळाची रुंदी आणि त्यावरचे आकडे कळले पाहिजेत.

६. एक पाळी किती मिनिटांची धरावी?

वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास सुरू झाली आणि रात्री नऊच्या आसपास संपली, म्हणजे साडेनऊ तास. पंधरा मिनिटांची पाळी धरली तर ३८ पाळ्या, अर्ध्या तासाची धरली तर १९, तासाची धरली तर १०. चार माणसं एका दुपारी १२ ते २० पाळ्यांच्या वर खेळू शकत नाहीत. माझ्या पहिल्या वॉटर्लूत मी पंधरा मिनिटांची पाळी धरली होती. सकाळी दहाला बसलो, रात्र पडली तेव्हा टेबलावर दुपारचे दोनही वाजले नव्हते. पाहुण्यांना गाडी पकडायची होती, आणि प्रशियनांच्या वाट्याला आलेला मित्र दिवसभर नुसता बसून होता. त्या दिवशी अर्ध्या तासाची पाळी पक्की झाली.

आणखी एक अडचण इथे हमखास येते. कवायतीच्या पुस्तकातला वेग धरला तर पायदळ मिनिटाला ५० ते ६५ मीटर चालतं, म्हणजे अर्ध्या तासात दीड ते दोन किलोमीटर. तो आकडा जसाच्या तसा नियमात घातला, तर एका पाळीत फौज मैदान ओलांडून जाते. खऱ्या लढाईत मात्र पलटणी बराच वेळ थांबलेल्या असतात: हुकुमाची वाट पाहत, रांग सरळ करत, कुंपण ओलांडत. मी पुस्तकी वेगाचा तिसरा भाग धरतो आणि मुख्य रस्त्यावरून, शत्रूपासून लांब असलेल्या फौजेला त्याच्या दुप्पट देतो.

७. रांग, स्तंभ, चौकोन हे सगळं दाखवायलाच हवं का?

तुमचा खेळाडू ब्रिगेडचा जनरल असेल तर हवंच. स्तंभ, म्हणजे एकामागे एक उभ्या ओळी, लवकर सरकतो पण त्याच्या फक्त पुढच्या बंदुका चालतात, रांगेत सगळ्यांच्या चालतात पण ती हलवताना मोडते, आणि चौकोन घोडदळाला भारी पण जागेवर खिळलेला.

हा निर्णय किती जीवघेणा असू शकतो ते १६ मे १८११ रोजी स्पेनमध्ये आल्बुएराला दिसलं. कोलबोर्नची ब्रिटिश ब्रिगेड रांगेत उभी राहून गोळीबार करत होती. तेवढ्यात जोराचा पाऊस आला, समोरचं दिसेनासं झालं, आणि बाजूने पोलिश भालाईत आणि फ्रेंच हुसार स्वार येऊन आदळले. चारपैकी तीन पलटणी काही मिनिटांत संपल्या. चौथी, ३१ वी, रांगेत पसरलेली नव्हती. ती वाचली. कोणत्याही खेळात या पंधरा मिनिटांची शक्यता असली पाहिजे, आणि तरीही ती दर दुसऱ्या पाळीला घडता कामा नये. तुमचे नियम बरोबर आहेत का हे तपासायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही.

खेळाडू सेनापती असेल तर मात्र चौकोन विसरा. ब्रिगेडच्या मोहऱ्यावर घोडदळ आलं की ती ब्रिगेड पुढच्या पाळीत हलणार नाही आणि तोफेसमोर कमजोर पडेल, एवढी एक ओळ पुरे.

८. तोफांचे नियम फार किचकट होतात. सोपे कसे करू?

दोन पट्टे ठेवा. जवळचा पट्टा ४०० ते ५०० मीटरपर्यंत: तिथे छर्‍यांचा डबा चालतो आणि तो पायदळाला झोडपून काढतो. लांबचा पट्टा सुमारे ९०० मीटरपर्यंत: तिथे भरीव गोळा. भरीव गोळा जमिनीवर टप्पे घेत जातो आणि खरा नाश त्या टप्प्यांनी होतो. म्हणून चिखल असेल तर लांबच्या पट्ट्यातला मारा निम्मा करा. वॉटर्लूच्या आदल्या रात्री मुसळधार पाऊस झाला होता, गोळे चिखलात रुतत होते, आणि नेपोलियनने लढाई उशिरा सुरू करण्यामागे जमीन सुकण्याची वाट पाहणं हे एक कारण होतं.

टेकडीच्या मागच्या उतारावर उभ्या असलेल्या फौजेवर तोफ मारता येणार नाही, हाही नियम हवाच. तो नसेल तर वेलिंग्टनचं अर्धं कसब खेळातून निघून जातं.

९. एक फासा, दोन फासे की मूठभर?

तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे. एका फाशावर १ आणि ६ यांची शक्यता सारखीच, म्हणून विचित्र निकाल फार येतात, आणि एका गुणाच्या फरकाने शक्यता थेट १७ टक्क्यांनी हलते. दोन फाशांच्या बेरजेत निकाल मधे गोळा होतात: ७ किंवा जास्त पडण्याची शक्यता ५८ टक्के, ९ किंवा जास्तची २८ टक्के, ११ किंवा जास्तची जेमतेम ८ टक्के. मूठभर फाशांत प्रत्येक ५ किंवा ६ म्हणजे एक फटका धरला, तर सहा फाशांत सरासरी दोन फटके बसतात, पण एकही न बसण्याची शक्यता ९ टक्के उरतेच.

मी हुकुमांना आणि मनोधैर्याला दोन फासे वापरतो, गोळीबाराला मूठभर. मूठभर फासे टाकायला हाताला बरं वाटतं हेही खरं कारण आहे, आणि ते सांगायला संकोच वाटू नये.

१०. माझ्या खेळात पलटणी शेवटच्या माणसापर्यंत लढतात. कुठे चुकतंय?

तुम्ही फक्त मेलेले मोजताय. पलटणी बहुतेक वेळा मरून संपत नसत, त्या धीर सोडून मागे फिरत. वॉटर्लूला संध्याकाळी इम्पीरियल गार्डची, म्हणजे नेपोलियनच्या निवडक फौजेची, चढाई फसली, गार्ड मागे येतंय हे बाकीच्या फ्रेंच फौजेला दिसलं, आणि जी फौज दिवसभर लढत होती ती थोड्या वेळात विखुरली. मराठी वाचकाला हे वेगळं समजवायला नको. पानिपतावर विश्वासराव पडल्यावर काय झालं ते आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

म्हणून प्रत्येक मोहऱ्याला धैर्याचा एक आकडा द्या. फटका बसला, बाजूची तुकडी पळाली, बगलेवर शत्रू आला की तो घटतो. शून्यावर आला की मोहरा मागे पळतो, आणि पळताना ज्यांच्या जवळून जातो त्यांचाही आकडा एकाने घटवतो. पळ संसर्गाने पसरतो, हे याच एका वाक्यातून येतं. जनरल स्वतः जवळ गेला तर आकडा परत वाढवता यावा, पण त्या पाळीत त्याला दुसरं काही करता येऊ नये.

११. खेळाडूला सगळं टेबल वरून दिसतं. हुकुमांचा गोंधळ आणायचा कसा?

प्रशियन युद्धविचारवंत क्लाउजेव्हिट्झने युद्धातल्या या अडचणीला घर्षण म्हटलं: कागदावर सोपी असलेली गोष्ट मैदानावर अडखळते. तो स्वतः १८१५ च्या मोहिमेत प्रशियन फौजेत होता, वॉटर्लूच्या दिवशी जवळच वाव्हरला चाललेल्या लढाईत. तो अनुभवावरून बोलत होता.

घर्षणाचं मला सर्वांत आवडतं उदाहरण त्याच मोहिमेतलं आहे. १६ जूनला नेपोलियन लिन्यीला प्रशियन सेनापती ब्ल्यूशरशी आणि त्याचा मार्शल नेय कात्र-ब्राला वेलिंग्टनशी लढत होता. फ्रेंच जनरल देर्लोंची कोअर (अनेक ब्रिगेडचा मोठा गट), सुमारे २० हजार माणसं, नेयकडे निघाली होती. वाटेत तिला लिन्यीकडे वळवलं गेलं. ती तिथे दिसू लागते न लागते तोच नेयने तिला परत बोलावलं. दिवस मावळला आणि ही २० हजार माणसं दोन्हीपैकी एकाही लढाईत उतरली नाहीत. टेबलावर मोहरे हाताने उचलणाऱ्या खेळाडूच्या बाबतीत असं कधीच घडणार नाही.

मी हे असं करतो. प्रत्येक कोअरला चारांपैकी एक हुकूम असतो: हल्ला, धरून ठेव, कूच, माघार. तो चिठ्ठीवर लिहून तिच्या सेनापतीच्या तळाखाली ठेवायचा. हुकूम बदलायचा तर नवी चिठ्ठी स्वाराबरोबर पाठवायची. स्वार एका पाळीत ४ किलोमीटर जातो. चिठ्ठी पोहोचली की दोन फासे टाकायचे, ७ किंवा जास्त पडले तर हुकूम अमलात, नाहीतर पुढच्या पाळीत पुन्हा. नेपोलियनचा मार्शल दावू याच्यासारख्या सेनापतीला फाशांवर २ गुण जास्त. नेयला हल्ल्याच्या हुकुमावर १ जास्त आणि थांबण्याच्या हुकुमावर २ कमी.

यात एक पथ्य पाळा. हुकूम नसलेली कोअर दगडासारखी उभी राहू नये, जुना हुकूम तिने चालू ठेवावा. जिचा सेनापती चुकीचं काही करतोय अशी फौज बघण्यात खेळाडू रमतो, जी काहीच करत नाही ती बघून कंटाळतो.

१२. पंच लागतो का? आमच्यात तिघंच आहेत.

पंच असेल तर खेळ फार वरच्या पातळीला जातो. प्रशियन तोफखान्यातला अधिकारी फॉन राइसविट्झ याने १८२४ मध्ये जो युद्धखेळ लष्करापुढे मांडला, तो पंचावरच उभा होता. १:८००० चा नकाशा, लाल आणि निळे ठोकळे, दोन मिनिटांची पाळी, आणि खेळाडूला जेवढं दिसेल तेवढंच पंच नकाशावर मांडणार. तो पाहून प्रशियन सेनाप्रमुख फॉन म्यूफलिंग इतका प्रभावित झाला की खेळ सैन्यभर पसरला. हा म्यूफलिंग वॉटर्लूला वेलिंग्टनच्या छावणीत प्रशियनांचा दुवा म्हणून होता. निरोप उशिरा पोहोचला की काय होतं ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिघं असाल तर एकाने पंच व्हा आणि पुढच्या वेळी पाळी बदला. दोघंच असाल तर प्रश्न ११ मधल्या चिठ्ठ्यांवर भागवा.

१३. मूर्ती महाग आहेत. पुठ्ठ्यावर चालेल का?

उत्तम चालेल. माझे सगळे खेळ आधी पुठ्ठ्यावर होतात. जाड पुठ्ठा, कापायची सुरी, निळा-लाल कागद, आणि जमिनीसाठी हिरवी चादर. चादरीखाली पुस्तकं ठेवली की टेकड्या तयार. खेळ पुठ्ठ्यावर रंगत नसेल तर २८ मि.मी. च्या रंगवलेल्या मूर्तींनीही रंगणार नाही. मूर्ती घ्यायच्याच असतील तर मोठ्या लढाईसाठी ६ मि.मी. च्या घ्या, त्यांत पलटण पलटणीसारखी दिसते.

१४. पुस्तकागणिक फौजेचे आकडे वेगळे मिळतात. कोणते धरू?

कागदावरची आणि मैदानावरची संख्या आधी वेगळी करा. १८०८ च्या फर्मानाप्रमाणे फ्रेंच पलटण सहा कंपन्यांची, प्रत्येकी १४०, म्हणजे ८४० ची. मैदानावर ती ५०० ते ६०० चीही भरायची. एका लढाईसाठी एकच स्रोत धरा आणि शेवटपर्यंत तोच वापरा. दोन पुस्तकांतले आकडे मिसळले की तोल बिघडतो.

ब्रिटिश अधिकारी विल्यम सायबोर्नने वॉटर्लूचं मोठं मॉडेल करताना हयात अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून विचारलं होतं की संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची तुकडी कुठे होती. १८३८ मध्ये ते मॉडेल लंडनमध्ये लोकांसाठी मांडलं गेलं. इतका कष्टाळू माणूस, तरी प्रशियन कुठपर्यंत पोहोचले होते यावरून वाद झाला आणि त्याला मॉडेलवरचे प्रशियन कमी करावे लागले. तेव्हा आकडे जुळत नाहीत म्हणून खचू नका.

१५. दुसऱ्या खेळातली कल्पना घेतली तर चालेल का?

कल्पना घ्या, शब्द आणि चित्रं घेऊ नका, आणि ज्यांच्याकडून शिकलात त्यांचं नाव नियमपुस्तकात लिहा.

१६. चाचणी कशी घ्यायची? मित्र नेहमी "मस्त आहे" म्हणतात.

नियमपुस्तक अनोळखी दोघांच्या हातात द्या आणि तोंड बंद ठेवून शेजारी बसा. ते जिथे अडतील तिथे वेळ लिहा. जो नियम त्यांनी चुकीचा वाचला, तो तुम्ही चुकीचा लिहिला आहे. तुम्ही समजावून सांगितलंत तर चाचणी वाया गेली. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तोफांचा मारा आणि पायदळाचं धैर्य दोन्ही एकदम बदललेत, तर निकाल कशामुळे फिरला हे कळणार नाही.

१७. एक बाजू स्पष्ट कमजोर असेल तर ती कोण खेळेल?

जिंकण्याची व्याख्या बदला, फौजा बदलू नका. १४ ऑक्टोबर १८०६ रोजी आउअरश्टेटला दावूकडे सुमारे २७ हजार माणसं होती आणि समोर प्रशियाची मुख्य फौज, त्याच्या दुपटीहून मोठी. दावू जिंकला, पण त्याची जवळपास चौथाई फौज पडली. या लढाईत दावूच्या खेळाडूला सांगा: दिवस मावळताना हासेनहाउजेन गाव तुझ्या हातात असेल तर तू जिंकलास. प्रशियनाला सांगा: गाव घे किंवा त्याला वळसा घालून रस्ता मोकळा कर. मी ही लढाई बऱ्याचदा मांडली आहे, आणि लोक दावूच्या बाजूसाठी भांडतात.

१८. सगळ्यांना इतिहास माहीत आहे. ऑस्टर्लिट्झला प्रात्झेन टेकडी कोणी सोडेल का?

हा मला सर्वांत कठीण प्रश्न वाटतो. २ डिसेंबर १८०५ ला दोस्त, म्हणजे रशियन आणि ऑस्ट्रियन, फौजांनी नेपोलियनच्या उजव्या बगलेवर जाण्यासाठी प्रात्झेनची टेकडी मोकळी केली, धुक्यात खाली उभी असलेली फ्रेंच मार्शल सुल्तची कोअर वर चढली आणि दोस्तांची फौज मधोमध दुभंगली. आज कुठलाही खेळाडू तिथून हलणार नाही.

तीन वाटा मी वापरल्या आहेत. पहिली, सकाळच्या पहिल्या तीन पाळ्या दोस्तांवर त्यांचा योजनाकार व्हायरोटर याच्या योजनेचे हुकूम सक्तीचे ठेवायचे आणि प्रश्न ११ च्या नियमाने ते बदलू द्यायचे. दुसरी, नावं पुसून नकाशा अर्धा फिरवायचा, फौजांना वेगळे रंग द्यायचे, आणि लढाई कोणती होती ते शेवटी सांगायचं. याला पंच हवा. तिसरी, खेळाआधी चिठ्ठी काढायची: नेपोलियनची उजवी बगल खरंच दुबळी आहे की दावूची फौज व्हिएन्नाकडून धावत पोहोचली आहे, हे फक्त फ्रेंच खेळाडूला कळतं. तिसरी वाट मला जास्त आवडते, कारण तिच्यात फसवणूक पुन्हा जिवंत होते आणि दोस्तांच्या खेळाडूला प्रात्झेन सोडण्यामागे खरं कारण मिळतं.

वॉटर्लूला प्रशियन केव्हा येणार, हाही याच जातीचा प्रश्न. प्रशियन जनरल ब्यूलोवची कोअर साडेचारच्या सुमारास लढाईत उतरली. मी दुपारी तीनपासून दर पाळीला दोन फासे टाकतो. पहिल्या वेळी १० हवेत, नंतर दर वेळी एकाने कमी. प्रशियन येणार हे दोघांना माहीत असतं, केव्हा ते कोणालाच नाही. ब्ल्यूशरचा शब्द हातात असलेल्या वेलिंग्टनचीही हीच अवस्था होती.

१९. घोडदळ चौकोन फोडू शकतं का? आमच्याकडे यावर भांडण झालं.

जवळपास नाही. वॉटर्लूला नेयचं घोडदळ पुन्हा पुन्हा चढलं आणि चौकोन टिकले. पण "कधीच नाही" असं लिहू नका. २३ जुलै १८१२ रोजी गार्सिया एर्नांदेझला किंग्ज जर्मन लीजनच्या (ब्रिटिश सैन्यातल्या जर्मनांच्या) जड घोडदळाने फ्रेंच चौकोन फोडला. गोळी लागलेला घोडा संगिनींवर कोसळला, खिंडार पडलं आणि स्वार आत शिरले. माझ्याकडे यासाठी दोन्ही फाशांवर ६ हवेत, म्हणजे ३६ मध्ये एकदा. चौकोनाला आधी तोफेचा मार बसलेला असेल तर ११ पुरे.

पाऊस हा वेगळा अपवाद. २७ ऑगस्ट १८१३ ला ड्रेस्डेनजवळ संततधार लागली होती, दारू भिजून बंदुका उडत नव्हत्या, आणि ऑस्ट्रियन पायदळाला फ्रेंच घोडदळापुढे शस्त्रं खाली ठेवावी लागली. मुसळधार पावसात पायदळाचा गोळीबार बंद आणि चौकोनाच्या धैर्यातून दोन वजा, असा नियम ठेवा.

२०. मला असईची लढाई बनवायची आहे. युरोपचे नियम तिथे चालतील का?

बरेचसे चालतील. २३ सप्टेंबर १८०३ ला आजच्या जालना जिल्ह्यात, खेळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या जागेत ही लढाई झाली, आणि आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढे वॉटर्लू जिंकणारा वेलिंग्टन, तिथे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा सेनापती होता. समोर दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांची फौज: शिंद्यांच्या चाकरीतल्या पोलमन या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली दहा हजारांवर कवायती पायदळ, शंभराच्या आसपास तोफा, आणि प्रचंड घोडदळ. वेलस्लीकडे सुमारे सात हजार कवायती माणसं, शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडेस्वार.

पण चार ठिकाणी नियम बदलावे लागतात. पहिलं, नदीचा उतार, म्हणजे ती पायी ओलांडता येण्याजोगी जागा. वाटाड्यांनी नदीला जवळ उतार नाही असं सांगितलं होतं. वेलस्लीला दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली आणि त्याने ताडलं की मधे उतार असणारच. पिंपळगावजवळ तो निघाला. खेळात उतार कुठे आहे हे मराठी बाजूने गुपचूप ठरवावं आणि वेलस्लीने पाळी खर्च करून शोधावं.

दुसरं, पोलमनच्या पलटणींची शिस्त. वेलस्ली बगलेवर आलेला पाहताच त्यांनी तोफांसकट आघाडी काटकोनात फिरवली. वेलस्लीला हे अपेक्षित नव्हतं. या पलटणींना दुय्यम दर्जा देणारा खेळ मी मान्य करत नाही. त्या युरोपातल्या चांगल्या पायदळाच्या बरोबरीने कवायत करत होत्या, आणि त्यांच्या तोफा तर फारच जलद चालत होत्या.

तिसरं, घोडदळ. ते संख्येने मोठं होतं, पण कवायती पलटणींच्या बरोबर एका हुकुमाखाली लढलं नाही. त्याला प्रश्न ११ मधले हुकूम लागू करताना फाशांवर ३ वजा द्या. मराठी बाजूची खरी अडचण इथे होती, शौर्यात नव्हती.

चौथं, गोलंदाज. कंपनीची रांग तोफांवरून पुढे गेली तेव्हा तोफांखाली मेल्यासारखे पडलेले काही गोलंदाज उठले आणि त्यांनी मागून तोफा डागल्या. यासाठी माझ्याकडे एक खास नियम आहे. तोफांची जागा घेतली तरी तिथे एक पलटण ठेवल्याशिवाय त्या तोफा शांत धरायच्या नाहीत. पलटण पुढे नेली, तर प्रत्येक तोफखान्यासाठी एक फासा. ५ किंवा ६ पडला की तोफा पुढच्या पाळीत कंपनीच्या पाठीवर चालतात. वेलस्लीच्या खेळाडूकडे तितक्या पलटणी नसतात, आणि त्या दिवशी सुमारे १,६०० माणसं त्याने का गमावली ते दोन-तीन पाळ्यांत त्याच्या लक्षात येतं.